कंत्राटदाराला आराखड्याच्या टप्प्यातच बोलवावे का?

धागाकर्ता:
आपल्याकडे सरकारी कामांत सल्लागार आराखडा करतो, निविदा निघते, सर्वांत कमी दराचा कंत्राटदार निवडला जातो आणि हे काम या जागेत बांधता येईल का, हे त्याला प्रथमच विचारले जाते ते कार्यादेश हाती पडल्यावर. मग त्याच्या प्रत्येक अडचणीचे रूपांतर वाढीव खर्चात आणि लवादात होते. २००८ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलसाठी मालक कंपनीने जोखीम स्वतःकडे ठेवून कंत्राटदारांना आराखडाकारांच्या बरोबरीने बसवले आणि सुमारे ४.३ अब्ज पौंडांचे ते बांधकाम वेळेत पुरे झाले. बोगदे व सागरी पुलांसाठी तरी आपण हा मार्ग धरावा.

प्रतिसाद १:
असहमत. ती मालक कंपनी खासगी होती. सरकारी अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते. ब्रिटनच्याच एचएस२ रेल्वेमार्गासाठी २०१७ मध्ये कंत्राटदार नेमून त्यांच्यासह आराखडा व किंमत ठरवण्यात आली, २०२० मध्ये आराखडा पुरेसा पक्का नसतानाच बांधकामाला परवानगी मिळाली आणि खर्च वाढतच गेला. किंमत ठरण्याआधी कंत्राटदार आत आला, की स्पर्धा संपते.

प्रतिसाद २:
मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा विचार करा. वरळीच्या कोळी बांधवांनी नौकांसाठी पुलाच्या दोन खांबांत अधिक अंतर सातत्याने मागितले होते. ६० मीटरऐवजी १२० मीटर मान्य झाले ते डिसेंबर २०२२ मध्ये, काम सुरू असताना. लवकर बोलवायचेच, तर आधी त्यांना बोलवा.

धागाकर्ता:
कोळी बांधवांचा मुद्दा पूर्ण मान्य; तेही त्याच बैठकीत हवेत. एचएस२चा दोष मात्र मला घाईत दिसतो. आराखड्याच्या टप्प्याचे कंत्राटदाराला वेगळे शुल्क द्यावे, रेखाचित्रांची मालकी सरकारकडे ठेवावी, त्रयस्थ तज्ज्ञाकडून खर्च तपासून घ्यावा आणि किंमत न पटल्यास फेरनिविदा काढावी. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २०२१ च्या सूचनांनुसार विशिष्ट कामांत निविदा निवडताना दराबरोबर गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. पण तेथेही दर आधीच भरावा लागतो, म्हणून वेगळा नियम आवश्यक आहे.

प्रतिसाद १:
फेरनिविदेचा अधिकार कागदावर राहील, कारण वर्ष वाया घालवल्याचा ठपका कोणीही अधिकारी स्वतःवर घेणार नाही. त्याच्या प्रामाणिक निर्णयाला नियमातच संरक्षण देणार असाल, तर एखाद्या बोगद्यावर हा प्रयोग करण्यास माझी हरकत नाही.