अमेरिकेतून आलेला पत्र्याचा मेणबत्तीचा स्टँड, कल्हई करून घेऊ का?

इंदूरची_सून: नमस्कार मंडळी, माझ्या नणंदबाई कनेक्टिकटला असतात, त्यांनी यंदा येताना तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून भिंतीवर लावायचा मेणबत्तीचा स्टँड आणलाय. मागे उंच पत्रा, वरच्या कडेला करंजीला घालतो तशी मुरड, खाली छोटी थाळी आणि त्यात मेणबत्तीची नळी. पार काळपट पडलाय, काही ठिकाणी गंजही आहे. सासूबाई म्हणतात चिंच लावून घास, मी म्हणते बर्तन बाजारात नेऊन कल्हईच करून घ्यावी. काय करू?

लष्करचा_काका (ग्वाल्हेर): ताई, दोन्ही नको!! हा लोखंडी पत्रा आहे, वर कथलाचा पातळ थर आणि सगळे सांधे डाख देऊन, म्हणजे मऊ धातू वितळवून, जोडलेले. कथील वितळतं २३२ डिग्रीला, कथील-शिशाचा डाख १८३ पासूनच मऊ पडायला लागतो, म्हणजे भट्टीवर धरला की कल्हई चढायच्या आधी नळी गळून हातात येईल. कल्हई करताना लावतात तो नवसागर पत्र्याच्या घडीत राहिला तर गंज वाढेल ते वेगळंच. चिंचेचं आम्ल राहिलासाहिला थर खातं आणि कथील गेलं की उघडं लोखंड आणखी जोरात गंजतं. मऊ ब्रशनं धूळ झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा, गंजावर अगदी थेंबभर मशीनचं तेल. काळपटपणा राहू द्या, तो जुना रंग पुन्हा आणता येत नाही.

पत्रा_प्रेमी: काकांशी सहमत. कनेक्टिकट वाचून फार आनंद झाला, तिथल्या बर्लिन गावात आयर्लंडहून आलेल्या एडवर्ड पॅटिसननं १७४० च्या सुमारास टिनकाम, म्हणजे अशा कथील चढवलेल्या पत्र्याची भांडी बनवणं, सुरू केलं, मग फेरीवाले ही भांडी दारोदार विकायला न्यायचे. पत्रा ब्रिटनहून यायचा, १७५० च्या ब्रिटिश कायद्यानं अमेरिकेतल्या वसाहतींत पत्रा लाटायचे नवे कारखाने काढायलाच बंदी घातली होती. घरात चरबीच्या मेणबत्त्या, उजेड जेमतेम, म्हणून मागे चकचकीत पत्रा, तो उजेड खोलीत परत टाकायचा. पुढे रॉकेलचे दिवे आले आणि हे मागे पडले. पण विसाव्या शतकात जुन्या धर्तीवर नवेही खूप बनले, तेव्हा पाठ नीट बघा, पानाफुलांसारखी चमकदार नक्षी दिसली तर वर कथलाऐवजी जस्ताचा थर आहे, म्हणजे नवा माल. चुंबकानं काही कळत नाही, दोन्हीला चिकटतं.

इंदूरची_सून: पाठीला नक्षी नाहीये, सगळं सारखंच करडं आहे! चिंच कॅन्सल. दिवाळीत मेणबत्ती लावली तर चालेल ना?

लष्करचा_काका (ग्वाल्हेर): एखाद्या संध्याकाळी लावा, पण पार बुडाशी येईपर्यंत जळू देऊ नका, नळीचा डाख तापतो. सांडलेलं मेण गार झाल्यावर लाकडी काडीनं काढा, सुरी नको. आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर टांगू नका.