डेक्कन क्वीन कर्जतला दरवेळी वेगळ्याच जागी थांबते, काय करू?

घाटवाला_पुणे:
नमस्कार मंडळी. घरी एचओ स्केलचा (१:८७) मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, भिवपुरी-कर्जत-लोणावळा. खऱ्यासारखं कर्जतला गाडी थांबली की मागून बँकर (घाटात ढकलणारं जादा इंजिन) येऊन लागला पाहिजे आणि मग घाट चढायचा. बँकर सध्या हातानेच थ्रॉटलवर आणतो, पण गाडी मात्र जेएमआरआय या मॉडेल रेल्वे सॉफ्टवेअरच्या डिस्पॅचरवर आपोआप चालते. प्लॅटफॉर्म १८० सेंमी, इंजिन आणि ६ डबे मिळून १७०, म्हणजे हातात जेमतेम १० सेंमी. आणि गाडी कधी ५ सेंमी आधीच थांबते तर कधी १२ सेंमी पुढे, स्टार्टर (स्टेशन सोडतानाचा) सिग्नल ओलांडून. ब्लॉकला (रुळाच्या प्रत्येक तुकड्याला) करंट डिटेक्शन आहे, म्हणजे गाडी आत आली की विजेवरून कळतं. ब्रेक हळूवार लागावा म्हणून इंजिनातल्या डिकोडरच्या (कंट्रोल चिपच्या) सीव्ही ४ या सेटिंगमध्ये २० टाकलाय. दोन महिने झाले, अक्षरशः झोप उडालीय. कुठे चुकतंय?

रूळ_आणि_स्लीपर:
तो सीव्ही ४ आधी खाली आण भाऊ. २० म्हणजे फुल स्पीडवरून थांबायला साधारण १८ सेकंद (आकड्याला ०.८९६ ने गुणायचं). सॉफ्टवेअर म्हणतं वेग अर्धा कर, डिकोडर म्हणतो करतो सावकाश, आणि तोवर गाडी पुढे गेलेली असते. ब्रेक एकानेच मारायचा. सीव्ही ३ (वेग वाढण्याचा) आणि ४ दोन्ही १ वर ठेव आणि मग रोस्टरमध्ये (जेएमआरआयच्या इंजिनांच्या यादीत) त्या इंजिनाचं स्पीड प्रोफाइल (थ्रॉटलच्या कोणत्या स्टेपला किती वेग) नव्याने काढ. त्याआधी इंजिन १५-२० मिनिटं पळव कारण गार मोटर आणि तापलेली मोटर एकाच स्टेपला वेगळी पळते, मी हे न करता काढलेलं प्रोफाइल पूर्ण फुकट गेलं होतं. ब्लॉकची लांबी मिलिमीटरमध्ये नीट मोज, वळणावर पट्टी नको, रुळाच्या मधोमध दोरा लावून. मग डिस्पॅचरमध्ये त्या गाडीला स्पीड प्रोफाइलने थांबायचा पर्याय टिक कर.

सिग्नल_काका:
वरचं बरोबर आहे, पण सेन्सरचा डिबाउन्स (बदल खरा मानण्याआधी थांबायचा वेळ) किती ठेवलायस ते सांग.

घाटवाला_पुणे:
काका, ॲक्टिव्ह (गाडी आली) आणि इनॲक्टिव्ह (गाडी गेली) दोन्ही ८०० मिलिसेकंद. चाकं मळली की ब्लॉक मध्येच रिकामा दिसायचा म्हणून वाढवला होता.

सिग्नल_काका:
मग हिशेब कर बाळा. ताशी ६० चा वेग एचओमध्ये सेकंदाला १९ सेंमी पडतो. गाडी ब्लॉकमध्ये शिरल्याचं सॉफ्टवेअरला कळेपर्यंत ती १५ सेंमी आत आलेली असते. ३० ने आली तर साडेसात. वेग रोज सारखाच असता तर चूकही सारखीच झाली असती, पण तुझी गाडी कधी भिवपुरीहून सरळ येते, कधी होम (स्टेशनात शिरतानाच्या) सिग्नलला थांबून येते, त्यामुळे फरक पडतो. चाकांच्या मळासाठी इनॲक्टिव्ह डिले मोठाच राहू दे, ॲक्टिव्ह मात्र ५० च्या आसपास आण. आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, पावसाळ्यात तर दर आठवड्याला.

घाटवाला_पुणे:
दोन्ही केलं!! १० फेऱ्या मोजल्या, आता सगळ्या ४ सेंमीच्या आत. पण बँकर लागायला मागचा डबा अजून नेमका यायला हवा.

लोणावळा_ताई:
मग जेएमआरआयच्या सेक्शनमध्ये फॉरवर्ड स्टॉपिंग सेन्सर (ज्याच्यावर आली की गाडी थांबते तो) दे. मी स्टार्टरच्या आधी दोन स्लीपरच्या मध्ये इन्फ्रारेड सेन्सर बसवलाय, आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडून. गाडी अगदी रांगत त्याच्यावर येते आणि थांबते, फार तर सेंटिमीटरभर इकडेतिकडे. फक्त खिडकीतून ऊन येत असेल तर जपा, आमच्याकडे दुपारी ४ नंतर रुळावर ऊन पडायचं आणि सेन्सर आपोआप ॲक्टिव्ह, गाडी प्लॅटफॉर्मच्या तोंडाशीच उभी. काळ्या कागदाची छोटी नळी करून सेन्सरवर चढवली तेव्हा बंद झालं.

घाटवाला_पुणे:
ताई, सेन्सर मागवला. माझी खिडकी पश्चिमेलाच आहे, नळी आधीच करून ठेवतो.