आईच्या उजव्या हातासाठी रोबोटिक थेरपी घ्यावी का? अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

गेल्या गणपतीत, गौरी जेवल्या त्याच रात्री आईला पक्षाघाताचा झटका आला. वय ६३. उजवी बाजू लुळी पडली होती. वाचा महिन्याभरात परत आली, आता काठी धरून अंगणापर्यंत चालतेही. हात मात्र मागेच राहिलाय. खांदा थोडा उचलते, कोपर अर्धंमुर्धं सरळ होतं, पण मूठ घट्ट आवळलेली आणि अंगठा आत दुमडलेला. नखं कापायची तर आधी हात कोमट पाण्यात ठेवून एकेक बोट उलगडावं लागतं. जांभई आली की तोच हात आपसूक वर उचलला जातो, बोटंही जराशी सैलावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच फुटलं. फिजिओताईंनी समजावलं की ही हालचाल आपोआप होते, तिने ठरवून केलेली नाही.

आम्ही कराडला राहतो. पुण्यात एका सेंटरवर डेमो पाहिला. हात पट्ट्यांनी यंत्रात बसवतात, समोरच्या पडद्यावर ठिपका दिसतो, तिथवर हात न्यायचा. तिची ताकद संपते तिथून पुढे यंत्र हात नेतं. असं शेकडो वेळा. आई कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. आठवड्यातून ३ दिवस, १२ आठवडे, असं पॅकेज सांगितलंय. म्हणजे तीन महिने पुण्यात खोली घ्यायची आणि मला बिनपगारी रजा.

घरी येऊन वाचत बसले. ब्रिटनमधली रॅटल्स नावाची चाचणी २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ७७० रुग्ण, झटक्याला एक आठवड्यापासून पाच वर्षांपर्यंतचा काळ झालेले. एमआयटी-मानुस हे यंत्र, ४५ मिनिटांची सत्रं आणि वेळापत्रक आम्हाला सांगितलं तेच. हाताची हालचाल थोडी सुधारली, पण वस्तू धरणं, उचलणं अशा प्रत्यक्ष कामात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. कॉक्रन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात मात्र ४५ चाचण्यांतले १६१९ रुग्ण एकत्र धरून हाताची ताकद आणि रोजचे व्यवहार सुधारतात असा निष्कर्ष आहे. मला वाटतं, यंत्राचा उपयोग आहेच, पण आम्ही पाहिलेलं यंत्र खांदा आणि कोपर घोटून घेतं, आणि आईचं अडलंय बोटांत.

ज्यांच्या घरी कोणी ही थेरपी घेतलीय त्यांनी कृपया सांगा: मूठ उघडायला मदत झाली का? की फक्त पडद्यावरचा स्कोअर वाढला? मनगट आणि बोटांसाठी वेगळं यंत्र कोणी वापरलंय का? मूठ सैल व्हावी म्हणून डॉक्टरांनी बॉटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय; ते आधी घेऊन मग थेरपी केली असेल तर तो अनुभव फार मोलाचा ठरेल. तेवढ्याच पैशांत कराडलाच रोज ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) घरी येऊ शकतील, हाही विचार चाललाय. त्या वाटेने कोणी गेलंय का?

आईला विचारलं, हात चालायला लागला की आधी काय करशील? म्हणाली, "माझी वेणी मी घालीन." सध्या ती मी घालते. तिला ती सैल वाटते, पण बोलत नाही.

सेंटरला सोमवारपर्यंत कळवायचंय. त्याआधी कोणी लिहिलंत तर फार बरं होईल.