पंचांगाच्या लायब्ररीत कोन अंशांत ठेवावेत की रेडियनमध्ये?

मृगशीर्ष:
पायथनमध्ये पंचांगाची छोटी लायब्ररी लिहितेय. स्विस एफेमेरिस (ग्रहांच्या जागा काढणारी लायब्ररी) ग्रहांचे भोगांश, म्हणजे राशिचक्रावरची जागा, अंशांत देतं, तिथी-नक्षत्राचं गणितही अंशांतच चालतं. पण सूर्योदयासाठी साइन-कोसाइन लागतात आणि ती रेडियन मागतात. सध्या प्रत्येक फंक्शनला 'एकक' असा पॅरामीटर आहे, दिला नाही तर अंश धरायचे. आता कोड वाचताना कुठला आकडा कशात आहे तेच कळत नाही. सगळंच रेडियनमध्ये न्यावं का?

त्रिज्या_कर्ण:
'एकक' आधी काढून टाका. तो द्यायचा राहिला की अर्ध्या रेडियनचा अर्धा अंश होतो आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. कॅल्क्युलेटरसारखा सगळीकडे लागू होणारा मोड तर नकोच नको; एकानं बदलला की दुसऱ्याची उत्तरं चुकतात.

'कोन' असा वेगळा क्लास करा. तो बनवायचे रस्ते दोनच ठेवा, अंशांवरून किंवा रेडियनवरून. नुसता आकडा कुठल्याच फंक्शननं घ्यायचा नाही. आत मी अंशच ठेवेन, कारण पंचांगाच्या सीमा अंशांतल्या आहेत: तिथी १२ ची, रास ३० ची. हे आकडे फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवायचा प्रकार) नेमके बसतात; ३० अंशांचे रेडियन, म्हणजे पायचा सहावा भाग, बसत नाही. रेडियन फक्त साइन-कोसाइनच्या दारात करा.

नक्षत्र मात्र १३ अंश २० कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), ते दशांशात संपत नाही. नक्षत्र काढताना भोगांशाला १३.३३३३ ने भागू नका. चंद्र ३५९.९९९५ वर असेल तर भागाकार २७ च्या वर जातो आणि रेवतीनंतर अठ्ठाविसावं नक्षत्र उगवतं! आधी २७ ने गुणा, मग ३६० ने भागा.

मृगशीर्ष:
पटलं. हेच पुढे जावास्क्रिप्टमध्ये न्यायचंय. काही अडेल?

त्रिज्या_कर्ण:
बाकी काढताना अडेल. सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) सूर्य १० अंशांवर आहे, अयनांश (निरयन भोगांशासाठी त्यातून वजा करायचा फरक) २४ धरा. वजाबाकी उणे १४. पायथनचं % त्याचे ३४६ करतं, म्हणजे मीन रास. जावास्क्रिप्टचं % उणे १४ च ठेवतं. म्हणून वर्तुळात आणायची वेगळी मेथड लिहा, पण ती प्रत्येक कोनावर आपोआप चालवू नका. दक्षिण क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून दक्षिणेकडचं अंतर) उणे २३ असते, तिचे ३३७ झाले तर छापलेलं कोणालाच समजणार नाही.

वाचक_सातारा:
छापण्यावरून आठवलं: अंश, कला, विकला (कलेचा साठावा भाग) वेगवेगळे काढून शेवटी विकला पूर्णांकात आणल्या की '२९ अंश ५९ कला ६० विकला' असं दिसतं. आधी सगळ्याच्या विकला करा (पूर्ण वर्तुळाच्या १२,९६,०००), मग फोडा.

त्रिज्या_कर्ण:
बरोबर, फक्त तिथे जवळचा पूर्णांक घेऊ नका, अपूर्णांक सोडून द्या. नाहीतर ग्रह अजून मेषेत असताना शेजारी ३० अंश छापले जातील.