मदत हवी आहे: मिलिअँपिअर रेंजवर मीटर लावला की बोर्ड रीसेट होतो

3.7 व्होल्टच्या लिथियम सेलवर वायफायचा छोटा बोर्ड चालवतोय. करंट मोजायला पॉझिटिव्ह वायर तोडून मल्टिमीटर सीरिजमध्ये लावला. 10 अँपिअरच्या सॉकेटवर आकडा 0.08 च्या आसपास नाचतो, पण बोर्ड स्लीपमध्ये गेला की सरळ 0.00. 200 मिलिअँपिअरवर वायफाय सुरू होताक्षणी दिवा लुकलुकतो आणि बोर्ड रीसेट.

सेल फुल चार्ज, फ्यूज शाबूत, प्रोब बदलून झाले. (मीटर पॅरलल लावायचा पराक्रम पूर्वीच करून एक फ्यूज उडवलाय.) बहुतेक मीटरच्या आतल्या शंटवरच (करंट मोजायला सीरिजमध्ये असलेला छोटा रेझिस्टर) व्होल्टेज पडतंय.

नवा मीटर नको. बाहेरून 0.1 ओहमचा शंट लावला तर 1 मिलिअँपिअरला जेमतेम 0.1 मिलिव्होल्ट, म्हणजे स्लीपचा करंट तरीही दिसणार नाही. मोठा लावला तर पुन्हा रीसेट. मग बोर्ड बंद न पाडता स्लीपचा करंट मोजायचा कसा?