ढोलकी, सनई आणि गिटार एका बैठकीत: सांगलीत जमेल का?

कृष्णाकाठ: ओरेगॉन ही अमेरिकन चौकडी, १९७० सालची. बारा तारांची गिटार, ओबो, डबल बास आणि सतार-तबला. उपज (ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं) जॅझची, बांधणी चेंबर संगीताची, म्हणजे लहान जागेत मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताची, मधूनच लोकधून. सतार-तबला वाजवणारा कॉलिन वॉलकॉट रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखांकडे तबला शिकलेला. आपल्याकडे तर हे जास्त सोपं. तंबोरे मिरजेचे, ढोलकी-हलगी गावोगाव, पठ्ठे बापूराव इथलेच, रेठरे हरणाक्षचे. ओबो आणि सनई दोन्ही दुपाती, म्हणजे दोन पात्यांच्या जिभेतून फुंकायची, एकाच कुळातली वाद्यं. लहान हॉल घ्या, माइक नको. कुणीतरी मनावर घ्या की.

जवारी_मिरज: नको. तंबोरा नीट जुळला की त्यातून गंधार आपोआप बोलतो. गिटारच्या पडद्यावरचा गंधार त्याहून साधारण १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे गिटारचा एक पडदा) चढा. दोन्ही एकदम वाजले की कानाला खुपणारच. ओबोला चाव्या, सनईची भोकं उघडी. मग सनईवाल्यानंच बोट सरकवून गिटारकडे झुकायचं. म्हणजे तडजोड कायम आपलीच.

हलगी_कडाडली: सुराचं तुम्ही बघा. असल्या कार्यक्रमात ढोलकीवाल्याचं काय हुतंय ते मी बघितलंय. फेटा बांधून मागं बसवत्यात. दोन तोडे, टाळ्या, मग गप बस. पोस्टरवर नाव न्हाई, नुसतं 'साथसंगत'. वॉलकॉट गुरूपुढं बसून शिकला म्हणता, मग इथला गिटारवाला तमाशातल्या ढोलकीवाल्यापुढं बसंल का?

कृष्णाकाठ: पोस्टरचा राग संगीतावर कशाला? ढोलकीनं तोडा टाकायचा, हलगीनं तो उचलून उलटवायचा. जॅझवाले वेगळं काय करतात? आणि वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर पुढं त्या जागी कोण आलं? त्रिलोक गुर्टू, आपल्या ठुमरी गायिका शोभाताई गुर्टूंचा मुलगा. तबला आणि ड्रम एकत्र मांडून, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवणारा माणूस. त्याला मागं बसवायची कुणाची हिंमत?

हलगी_कडाडली: शोभाताईंच्या घरात वाढल्यावर कोण मागं बसवतंय? आमच्या पोरांचं बोला.

औंधचा_श्रोता: जवारीसाहेब, स्थिर सुरांचा हाच आक्षेप पेटीवर होता. आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं पेटी बंद ठेवली, तरी ती घराघरात वाजतच राहिली. आणि आमच्या औंध दरबारचे गजाननबुवा जोशी व्हायोलिन वाजवत, त्यात परकं काय ऐकू येई? वाद्य परदेशी, गायकी ग्वाल्हेरची. पण ते बुवा स्वतः गवई होते म्हणून. आठवडाभराच्या तालमीत असलं काही होत नाही, कृष्णाकाठ, आणि तुम्ही तर थेट हॉल बघायला निघालात.

जवारी_मिरज: पेटी गवयाच्या मागून चालते. इथं पाया गिटार घालणार. माझं सोपं आहे: तंबोरा काढा, मग हवं ते करा.

कृष्णाकाठ: मिरजेत बसून तंबोरा काढा म्हणता! धन्य आहे.

जवारी_मिरज: मिरजेत बसलोय म्हणूनच म्हणतोय.

हलगी_कडाडली: आणि माइक नको म्हणता, पर शेकून ताणलेली हलगी बंद हॉलात कडाडली तर तुमचा ओबो कुणाला ऐकू येणार? हलगी ऱ्हाऊ दे, ढोलकी घ्या, ती दबून वाजवता येती. बिदागी सगळ्यांना सारखी आन् नावं एका ओळीत छापणार असाल, तर आमच्या गावचे दोघं सांगतो. न्हाईतर तुमचं चालू द्या.