हिवाळी अधिवेशन बेळगावात भरतं, पण शाळा-दवाखान्याचा पैसा ठरतो कुठं?

अनगोळकर
डिसेंबर उजाडला की सुवर्ण विधानसौधकडं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीकडं, जाणाऱ्या हायवेवर बॅरिकेड. लॉजवाल्यांचे दर वर. आत काय होतं? २०२२ च्या डिसेंबरात इकडं बेळगावात आणि तिकडं नागपुरात, दोन्ही विधिमंडळांनी सीमाप्रश्नावर एकमेकांविरुद्ध ठराव केले. त्या ठरावांनी एका शाळेची कौलं तरी बदलली का?
आमच्या जिल्ह्याचे १८ आमदार आहेत. बेंगळुरू शहर सोडलं तर एवढे कुणाचे नाहीत. तरी शाळेच्या गळक्या खोल्या आणि डॉक्टर नसलेली पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) यावर बोलणारा कोण? मुळात बजेट मार्चमध्ये बेंगळुरूत मांडतात, खात्यांच्या मागण्यांवर चर्चा तिथंच होते. इथं डिसेंबरात येतात त्या फक्त पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटाबाहेरचा वरचा खर्च. म्हणजे जेवण बेंगळुरूत आणि हात धुवायला बेळगाव! हे अधिवेशन बंद करा आणि तो खर्च सीमाभागातल्या शाळांना द्या.

शहापूरकर वकील
अनगोळकर, टाळ्या मिळतील, पण हिशेब जुळत नाही. अधिवेशनाचा खर्च वाचला तरी तो शिक्षण खात्यात आपोआप जात नाही. आणि मास्तरचा पगार हा दरसालचा खर्च. एकदा वाचलेल्या रकमेतून कायमची जागा भरता येत नाही, फार तर कंपाउंड बांधून होईल.
दुसरं, डिसेंबरला एवढं हलकं समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, सलाइनच्या दर्जावर संशय आला. महिनाभरात अधिवेशन इथं भरलं आणि आरोग्यमंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागलं. मार्चपर्यंत थांबायचं होतं का? आमदारानं टाकलेल्या अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, छापलं जातं, ते घेऊन उद्या कोर्टात उभं राहता येतं. आमदार प्रश्न टाकत नसेल तर दोष इमारतीचा नाही.

निपाणीकर
वकीलसाहेब, तुमच्या लेखी उत्तरानं आमचं बीपी उतरत नाही ओ. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तर बेंगळुरूनं लगेच आकांडतांडव केलं. स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं दिलेलं घेऊ द्यायचं नाही. आम्ही तसंही उपचाराला कोल्हापूर गाठतो. विधानसौधपुढं हात का पसरायचे?

शहापूरकर वकील
कारण ती विम्याची योजना आहे. ऑपरेशनचं बिल भरेल. गावच्या पीएचसीत रात्री नर्स बसवणार नाही, साप चावल्यावरची लस ठेवणार नाही. ते काम ज्याच्या हद्दीत आपण राहतो त्याच सरकारचं. कर इथं भरायचा आणि जाब तिकडं विचारायचा, हे मला तरी पटत नाही.

निवृत्त हेडमास्तर
तुम्ही सगळे मोठ्या रकमांवर बोलताय, मी छोटी सांगतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेतून शाळेला वर्षाचं अनुदान पटावर मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. खडू, रजिस्टर, कुलूप, फिनेल, नळाची तोटी, सगळं त्यातच. आमच्याकडच्या बऱ्याच मराठी शाळा याच गटातल्या. पट घटतो म्हणून अनुदान घटतं, अनुदान नाही म्हणून शाळा कळकट दिसते, शाळा कळकट म्हणून पालक पोराला इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवतात. (मराठीच्या सभेत पहिल्या रांगेत बसणारे पालकही. त्यांची नावं घेत नाही.)
पुढाऱ्यांचं भांडण कशाचं? २०२२ मध्ये नव्या वर्गखोल्यांना भगवा रंग द्यायचा की नाही याचं. मला रंग कुठलाही चालला असता, त्यात शिकवायला मराठी येणारा मास्तर हवा होता. अतिथी शिक्षक जूनमध्ये येत नाहीत आणि आले की मानधन रखडतं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला घटनेचं कलम ३५०-अ सांगतं. त्यावर बजेटात काय तरतूद, एवढं एका आमदारानं विचारावं.
आणि शाळा की आरोग्य हा झगडा लावू नका. शाळेत पोरांना मिळणाऱ्या अंड्याचं बघा. आता आठवड्याचे सहा दिवस मिळतं, त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलतं. हा खर्च शाळेचा की आरोग्याचा?

जांबोटीकर
हेडमास्तर पटावर बोलले, मी तेच दवाखान्यावर बोलतो. पीएचसीचा निकष सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक, डोंगराळ भागात २०,००० ला एक. खानापूर तालुक्यात जंगलातली गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव मोजा. सगळी मिळून किती डोकी होणार? पावसाळ्यात नाले भरले की गाडी जात नाही. दिवस भरत आलेली बाई आधीच नातेवाइकांकडं खानापूरला आणून ठेवावी लागते. नाहीतर तिरडीसारखी बांधलेली खाट आणि चार गडी. आजारी माणूस असाच जंगलातून खांद्यावर आणतात.
कर्नाटकातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये ११४ तालुके मागास ठरवले, तालुकावार मोजमाप केलं. खास दर्जा देणारं घटनेचं कलम ३७१-जे आलं ते कल्याण कर्नाटकाला (जुना हैदराबाद-कर्नाटक), आमचा जिल्हा त्यात नाही. आम्हाला २०२१ मध्ये 'कित्तूर कर्नाटक' हे नाव मिळालं. नावानं अॅम्ब्युलन्स येत नाही.
तेव्हा अधिवेशन बंद करा म्हणणारेही चुकतात आणि प्रश्न टाका म्हणून गप्प बसणारेही. डोकी मोजायचा निकष बदला, अंतर आणि पावसाळा त्यात धरा, शाळेलाही आणि दवाखान्यालाही. हे मार्चमध्ये बजेटातच होतं.

अनगोळकर
जांबोटीकर, निकषाचं मान्य. अधिवेशन बंद करा हे मात्र मी मागं घेत नाही. दहा दिवसांत अर्धा वेळ गोंधळात जातो हे वकीलसाहेबही नाकारणार नाहीत.

शहापूरकर वकील
नाकारत नाही. पण इथं भरतं म्हणून हेडमास्तर निवेदन घेऊन शाळेतनं थेट हायवेला येऊ शकतात. बेंगळुरूला रात्रभर एसटीनं कोण जाणार?

निवृत्त हेडमास्तर
मी गेलेलो आहे वकीलसाहेब, आणि बॅरिकेडच्या अलीकडूनच परत आलोय. निवेदन पोलिसानं घेतलं. तरी यंदा मसुदा तुम्ही करून द्या. अनुदानाचा, पटाचा आणि जांबोटीकरांच्या पीएचसीचा, तिन्ही एकाच कागदावर. कन्नडमधूनच करा, म्हणजे भाषेचं कारण सांगून परत येणार नाही.

निपाणीकर
मराठीतली एक प्रत जोडा. नसेल तर माझी सही नाही.